नवे रेसिंग टायर थेट ट्रॅकवर? या चुका टाळा

नवा संच बसवला, गाडी ट्रॅकवर काढली आणि दुसऱ्याच लॅपला जीव खाऊन पळवली. पुढे चार सेशनमध्ये ग्रिप गेली की खापर कंपाउंडवर, म्हणजे टायरच्या रबरी मिश्रणावर, फुटतं. खरं तर टायर पहिल्याच दिवशी मारलेले असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टायर तापवून त्यांना विश्रांतीच न देणं. रबरातल्या लांब साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, पण नव्या टायरमध्ये सगळेच बंध सारखे पक्के नसतात. टायर पहिल्यांदा तापतो, दबतो, तेव्हा कच्चे बंध तुटतात. नंतर तो नुसता पडून राहिला तर ते पुन्हा जुळतात आणि आधीपेक्षा एकसारखे जुळतात. त्याला किमान २४ तास हवेत, जास्त मिळाले तर उत्तमच. सकाळी तापवून दुपारी शर्यतीला उतरवला, तर हे जुळणं अर्धवट राहतं आणि टायर लवकर कडक पडतो. एवढी तयारी करून आयत्या वेळी नवे टायर चढवणारे पाहिले की वाईट वाटतं, कारण एक दिवस आधी हेच केलं असतं तर संच कितीतरी जास्त टिकला असता.

तापवण्याचं पहिलं सेशन १० ते १५ मिनिटांचं पुरे. प्रत्येक लॅपला वेग थोडा वाढवा, शेवटचा लॅप शर्यतीच्या वेगाच्या जवळपास न्या, मग एक सावकाश लॅप मारून बाहेर या. ब्रेक मारताना चाक लॉक होऊ देऊ नका, वेग घेताना ते जागच्या जागी गरगर फिरू देऊ नका. गाडी नागमोडी चालवून टायर तापतात असा समज आहे, पण त्याने मुख्यतः वरचा थर तापतो. टायरच्या आतल्या सांगाड्यापर्यंत उष्णता न्यायची तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर घसरण होणार नाही इतक्या बेताने, पण ठाम वापरावे लागतात. आत थंड आणि वर गरम अशा टायरवर जोर टाकला की रबराचे दाणे निघतात. बर्नआउट, म्हणजे उभ्या गाडीची चाकं फिरवून धूर काढणं, तर नकोच.

सँडपेपरने घासणं हाही शॉर्टकटच. चकाकी जाते, आतलं काम तसंच राहतं. मोटरसायकलवाल्यांनी टायर वॉर्मरवरही (टायरभोवती गुंडाळायची विजेवर तापणारी चादर) पूर्ण विसंबू नये: टायर गरम होतो, पण पृष्ठभाग रस्त्याला घासलेला नसतो. झुकण्याचा कोन लॅपमागून लॅप वाढवत कडेपर्यंत जा.

टायर बसवताना बीडला, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेला, लावलेलं वंगण वाळायच्या आत जोर लावला तर टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्सिंग वाया जातं. टायर आणि रिमवर समोरासमोर खडूची खूण करा, सेशननंतर लगेच कळेल. नवे ब्रेक पॅडही त्याच दिवशी बसवू नका. पॅडना दणकट ब्रेकिंग लागतं, नव्या टायरना नेमकं तेच नको असतं.

हवेचा दाब पिटमध्ये येताक्षणी, गरम असतानाच तपासा. गरम टायरमधून हवा काढलीत तर किती ते लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी थंड दाबाचा हिशेब चुकतो. तापमान पायरोमीटरने, म्हणजे सुई रबरात खुपसून मोजणाऱ्या तापमापकाने, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी घ्या. इन्फ्रारेड तापमापक फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो आणि पृष्ठभाग पटकन थंड होतो. मध्य जास्त गरम असेल तर दाब जास्त आहे, दोन्ही कडा जास्त गरम असतील तर कमी. आतली कड फारच पुढे असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कलण्याचा कोन, पाहा.

आता बिघडलंच असेल तर? दाणे निघाले असतील तर काही सावकाश, सफाईदार लॅपमध्ये ते बहुधा निघून जातात. फोड आले असतील तर आतलं रबर जास्त तापलेलं असतं आणि ते परत येत नाही, तो टायर उतरवाच.