ओव्हरड्राफ्ट वापरताना सिबिल स्कोअर कसा सांभाळावा

ओव्हरड्राफ्ट (ओडी) म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातील शिल्लकेपेक्षा जास्त पैसे उचलण्याची सोय. अशा खात्याला दरमहा ठरलेला हप्ता नसतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ नेमके तिथेच असते. गृहकर्जाचा हप्ता चुकला तर त्याच दिवशी बँकेचा संदेश येतो. ओडी खात्यात मात्र पैसे उचलले, जमेल तेव्हा भरले, एवढाच व्यवहार डोळ्यांसमोर राहतो आणि ‘आपली काही देय तारीखच नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात ही मर्यादा मंजूर झाली की आपण बँकेचे कर्जदार असतो, आणि मंजूर मर्यादा, सध्याची येणे बाकी व विलंबाचे दिवस ही माहिती बँक पतमाहिती कंपन्यांना कळवते. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या ही माहिती गोळा करून त्यावरून प्रत्येकाचा क्रेडिट अहवाल आणि स्कोअर तयार करतात. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा कळवणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे महिनाभराने सारवासारव करू, हा हिशेब आता फारसा चालत नाही.

इंटरनेटवर या विषयावर इंग्रजीत जे वाचायला मिळते ते बहुधा अमेरिका किंवा ब्रिटनमधील ग्राहकांसाठी लिहिलेले असते. अमेरिकेत साध्या खात्यातील ओव्हरड्राफ्ट वसुलीसाठी दुसऱ्या संस्थेकडे जाईपर्यंत सहसा क्रेडिट अहवालात दिसतच नाही. तो सल्ला इकडे जसाच्या तसा लावू नये.

आता व्याजाचा भाग नीट समजून घ्यावा. समजा, मंजूर मर्यादा २,००,००० रुपये आहे, आपण १,९९,००० रुपये उचलले आहेत आणि व्याजदर वार्षिक १२ टक्के आहे. तीस दिवसांचे व्याज सुमारे १,९६३ रुपये होते. महिनाअखेरीस बँक ते खात्यात नावे टाकते आणि बाकी २,००,९६३ रुपये होते. आपण त्या महिन्यात नवीन काहीही उचललेले नसते, तरीही खाते मर्यादेच्या वर गेलेले असते आणि दिवसांची मोजणी सुरू होते. दहा दिवसांनी ५०० रुपये भरले तर बाकी २,००,४६३ राहते, म्हणजे ती अजूनही मर्यादेच्या वरच असल्याने मोजणी थांबत नाही. बाकी सलग ३० दिवसांहून अधिक काळ मर्यादेच्या वर राहिली की रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे खाते ‘एसएमए-१’ (स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे थकण्याची चिन्हे दिसणारे खाते) या वर्गात जाते, ६० दिवसांनंतर ‘एसएमए-२’ मध्ये, आणि ९० दिवस तशीच राहिली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. एनपीए झालेले खाते पुन्हा नियमित करायचे तर थोडीफार रक्कम भरून भागत नाही. व्याजाची आणि मुद्दलाची सगळी थकबाकी भरावी लागते.

बाकी मर्यादेच्या आत असली म्हणजे निश्चिंत राहता येते, असेही नाही. सलग ९० दिवस खात्यात काहीच जमा झाले नाही, किंवा मागील ९० दिवसांत नावे पडलेल्या व्याजाइतकी रक्कमही जमा झाली नाही, तरी ते खाते नियमबाह्य मानले जाते. म्हणून ओडीधारकाने पाळायचा पहिला नियम साधा आहे: स्टेटमेंटमध्ये व्याजाची नोंद दिसताच, निदान तेवढी रक्कम त्याच आठवड्यात खात्यात जमा करावी. पगार दुसऱ्या बँकेत जमा होत असेल तर दरमहा स्थायी सूचना (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन) देऊन ठेवावी, आणि मर्यादेच्या टोकापर्यंत उचल न करता निदान दोन-तीन महिन्यांच्या व्याजाइतकी जागा मोकळी ठेवावी.

मर्यादेचा किती भाग वापरावा, याबद्दल ३० टक्क्यांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो. हा कायदा नव्हे, व्यवहारातला अंदाज आहे. स्कोअर काढण्याचे नेमके सूत्र या कंपन्या जाहीर करत नाहीत. महिनोन्‌महिने मर्यादा काठोकाठ भरलेली असेल तर कर्ज देणाऱ्याला ती पैशाच्या ओढाताणीची खूण वाटते, यात मात्र शंका नाही. एखाद्या महिन्यात ८० टक्के उचल करून पुढच्या महिन्यात ती फेडणाऱ्याने फार काळजी करू नये. माझ्या मते खरी काळजी त्याने करावी, ज्याची बाकी वर्षभर जागची हललेली नाही. अशा व्यक्तीने ओडी फिरवत राहण्यापेक्षा तेवढ्या रकमेचे हप्त्यांचे वैयक्तिक कर्ज घेऊन ती बाकी संपवावी.

मुदत ठेवीच्या तारणावरील ओडीला व्याज कमी लागते आणि पुरेशी मार्जिन (ठेवीची रक्कम बाकीपेक्षा जितकी जास्त तेवढा फरक) शिल्लक असेपर्यंत असे खाते एनपीए ठरवण्याची सक्ती बँकेवर नसते. तरीही हे कर्जच असून त्याची नोंद अहवालात होऊ शकते. खाते संयुक्त नावाने असेल किंवा कोणी जामीनदार असेल, तर विलंबाची नोंद त्यांच्याही अहवालात उमटते; पती-पत्नींपैकी एकानेच खाते हाताळले तरी यात फरक पडत नाही.

ओडीची मर्यादा बहुधा वर्षभरासाठी मंजूर होते आणि नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. अनेकजण बँकेने मागितलेली कागदपत्रे द्यायला टाळाटाळ करतात. मर्यादेचे नूतनीकरण देय तारखेपासून १८० दिवसांत झाले नाही तर, व्यवहार सुरळीत असले तरी, खाते एनपीए ठरू शकते. मंजुरीपत्रावरील मुदतीची तारीख म्हणूनच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी.

ओडीसाठी एकाच वेळी चार-पाच बँकांत अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक बँकेने केलेली चौकशी अहवालात नोंदली जाते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही, आणि चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. सिबिलच्या अहवालात ओडी खात्यापुढे प्रत्येक महिन्याखाली विलंबाच्या दिवसांचा रकाना असतो. तिथे ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ (स्टँडर्ड) असणे ठीक आहे. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेली नाही. ‘एसएमए’ किंवा ‘एसयूबी’ (सबस्टँडर्ड, म्हणजे थकीत खाते) दिसल्यास मात्र त्याच दिवशी शाखेत चौकशी करावी.

खाते बंद करताना बाकी शून्य झाली एवढ्यावर थांबू नये. खाते बंद केल्याचे पत्र घ्यावे आणि महिन्या-दीड महिन्याने अहवालात ‘बंद’ अशी नोंद आली का, ते पाहावे. बँकेने थकबाकीत सूट देऊन तडजोड सुचवली आणि पूर्ण रक्कम भरणे शक्य असेल, तर पूर्णच भरावी, कारण ‘सेटल्ड’ हा शेरा पुढे प्रत्येक कर्जाच्या वेळी आडवा येतो.

अहवालातील नोंद चुकीची असल्यास स्टेटमेंटच्या प्रतीसह बँक आणि पतमाहिती कंपनी या दोघांकडेही लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे, आणि तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवता येते.