पंचगंगाकाठच्या गावाने पुराचा हिशेब कसा मांडावा

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण 43 फुटांना आपल्या गल्लीत पाणी कुठवर येते, हे फार थोड्या गावांना सांगता येते. तयारी तिथूनच सुरू करा. बंधाऱ्यावरचा आकडा प्रत्येक घराच्या उंबऱ्याला लावून घ्या, आणि हे काम मे महिन्यातच उरका.

2021 च्या जुलैत राजारामवर पाणी 56 फुटांच्या वर गेले होते. त्या पुराची सर्वांत वरची खूण भिंतीवर शोधा. पुसली असेल तर घरातल्या दोघातिघांना विचारून पक्की करा. खुणेपासून उंबऱ्यापर्यंत टेपने मोजा. अंतर 5 फूट भरले तर साधारण 51 फुटांना त्या घरात पाणी शिरणार. खूण नसलेल्या घरावर गवंड्याच्या लेव्हलच्या पारदर्शक नळीने शेजारची खूण आणा. नळीत बुडबुडा राहिला तर उंची चुकते, म्हणून आधी पाणी भरून हवा पूर्ण काढा.

2019 ला पाणी 55 फुटांच्या वर होते. त्या खुणेवरूनही असाच आकडा काढा. दोन्ही उत्तरे जुळतीलच असे नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा भरलेली असली की पाणी मागे फुगते. हा फुगवटा दर पुरात सारखा नसतो. म्हणून कमी आकडा धरा आणि त्यातून आणखी एक फूट वजा करा. शिरोळ तालुक्यातल्या गावांनी तर राजारामवर विसंबूच नये, नृसिंहवाडीची पातळी धरावी. कोल्हापुरात पाणी उतरू लागले तरी तिकडे ते चढत असू शकते.

मग घरांची यादी आकड्याच्या क्रमाने लावा आणि गावातल्या उंच भिंतीवर तेलरंगाने लिहा. वहीत ठेवलेली यादी ऐन वेळी कुलूपबंद कार्यालयात अडकते.

उरलेला वेळ काढणे सोपे आहे. तासाला 3 इंच पाणी चढत असेल आणि 4 फूट बाकी असतील, तर हातात 16 तास आहेत. पण घराआधी रस्ता बुडतो, आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. रस्त्यावरच्या सर्वांत खोल जागेचा, बहुधा ओढ्यावरच्या मोरीचा, आकडा वेगळा काढा आणि निघण्याची वेळ त्यावरून ठरवा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की हिशेब नव्याने करा.

माणसे शेवटपर्यंत घर सोडत नाहीत, याचे मोठे कारण गोठ्यात बांधलेले असते. म्हणून जनावरे आधी हलवा, रस्त्याच्या आकड्याला 3 फूट बाकी असतानाच. ऊस आणि गवत पाण्याखाली जाणार, हिरवी वैरण मिळणार नाही असे धरून चाला. मोठ्या जनावराला रोज 8 किलो कडबा म्हटला तर 50 जनावरांना 8 दिवसांसाठी 3,200 किलो लागतो. तो उंचावरच्या छावणीत जूनआधीच पोचवा, कारण पुरात ट्रॉली जात नाही. कानातल्या बिल्ल्याचे 12 अंक लिहून ठेवा, पंचनाम्याला लागतात. हलवणे जमलेच नाही तर दावी सोडा, बांधलेले जनावर जागीच बुडते.

बोटीवर माणसांची मर्यादा रंगवून लिहा आणि प्रत्येकाला जॅकेट दिल्याशिवाय ती सोडू नका. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली बोट उलटली आणि अनेक जीव गेले. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडणे तर मुळीच नको. कडेला वजन गेले की ती कलंडते. अडकलात तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077.

जॅकवेल (नळयोजनेसाठी नदीचे पाणी उपसणारी विहीर) बुडाली की कोरड्या घरांचाही नळ बंद होतो, त्यामुळे माणशी रोज निदान 3 लिटर पिण्याचे पाणी साठवा.

पूर ओसरल्यावर विहीर आधी उपसा, गाळ काढा, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 785 केले की लिटर मिळतात (मापे मीटरमध्ये). 4 मीटर व्यास आणि 5 मीटर पाणी म्हणजे 62,800 लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पुरानंतर दुप्पट धरा, म्हणजे इथे सुमारे 315 ग्रॅम. पावडर थेट विहिरीत ओतू नका. बादलीत एका वेळी 100 ग्रॅमपर्यंत कालवा, 10 मिनिटे चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून पाणी ढवळा. तासाभराने ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते कळते. पिवळा रंग आला नाही तर डोस पुन्हा द्या. तरीही रंग आला नाही, तर पावडरचे पोते बदला. ओल लागलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो.