सापेरावीची ओळख: आधी बी चावा, मग बाटली उघडा

निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी असल्याने द्राक्षातलं मला कोण काय शिकवणार, अशी माझी समजूत होती. जॉर्जियातल्या काखेती भागात, अलाझानी नदीच्या खोऱ्यात तोडणीच्या कामाला गेले आणि आठवड्याभरात ती समजूत गळून पडली.

काम सोपं वाटलं होतं. सापेरावी या वाइनच्या काळ्या द्राक्षजातीच्या बागेत फिरून मण्यांचे नमुने गोळा करायचे आणि माल कधी तोडायचा ते सांगायचं. घड काळेभोर झालेले, रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स २२, म्हणजे साधारण २२ टक्के साखर. "झाला तयार," मी जाहीर केलं. मालकीणबाईंनी एक मणी माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या मुलाने भाषांतर केलं, "चाव म्हणतेय. बीसकट."

तोंडाला अशी मिठी बसली की कच्चं केळं परवडलं. बी अजून हिरवट होती. आमच्या थॉमसन या खायच्या द्राक्षाला बीच नसते, त्यामुळे तिच्याकडे बघायची सवयच नव्हती! वाइनच्या लाल द्राक्षाचा रस मात्र साली-बियांसकट आंबतो. बी कच्ची असेल तर तिचा तुरटपणाही त्यात उतरतो. आम्ही नऊ दिवस थांबलो. बी तपकिरी झाली, दाताखाली कडकन फुटायला लागली, तेव्हा क्रेट बागेत आले.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं, सापेरावीचा रंग बघून काहीही ठरवू नका. बहुतेक काळ्या द्राक्षांत रंग सालीत असतो, गर पांढुरकाच. सापेरावीचा गरही लालसर. तिच्या नावाचा अर्थच रंग देणारी. मणी चिरडला की बोटं जांभूळ खाल्ल्यासारखी होतात (पांढरा शर्ट घालून तोडणीला जाऊ नका, मी गेले होते). ग्लासातली वाइन इतकी गडद की जॉर्जियन लोक लाल वाइनला 'शावी घ्विनो', म्हणजे काळी वाइन म्हणतात. एवढा रंग पाहून जड, जॅमसारखं काहीतरी असेल असं वाटतं. घोट घेतला की लागतो तो खणखणीत आंबटपणा. साखर चढली तरी या जातीचा आंबटपणा सहजी हटत नाही, आणि त्याच जोरावर ती वर्षानुवर्षं टिकते.

चव घेताना एकाच द्राक्षाचे तीन अवतार शेजारी ठेवा. मुकुझानी कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, ओकच्या पिंपात मुरवलेली. किंदझमाराउली गोडसर, कारण साखर पूर्ण संपायच्या आत आंबणं थांबवलेलं असतं. तिसरी क्वेव्रीतली. पहिल्या दोन बाटल्या दुकानात मिळतील, तिसरीसाठी शक्यतो कुणाच्या तरी 'मरानी'त, म्हणजे घरच्या वाइनच्या कोठीत जा.

क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला मातीचा रांजण, आतून मधमाशांचं मेण लावलेला. आंबताना साली वर येऊन त्यांचा थर जमतो, तो दिवसातून अनेकदा लांब दांड्याने खाली दाबावा लागतो. दुसऱ्या दिवशी माझे खांदे भरून आले. रांजण धुणं त्याहून वाईट, पण तिथे जो राबतो त्याच्याशीच लोक मोकळेपणाने बोलतात. या पद्धतीला युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून मान्यता दिली. "आमची ८००० वर्षांची परंपरा" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकवलं जाईल. कंटाळा आला तरी हसू नका: इथल्या नवाश्मयुगीन मडक्यांच्या खापरांत इ. स. पूर्व ६००० च्या सुमाराच्या द्राक्षवाइनचे रासायनिक अंश सापडल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं आहे.

तिथल्या वायनरीत नोकरी करायची असेल तर आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. २००६ साली रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत टिकली. हुकमी गिऱ्हाईक गेल्यावर अनेकांना दर्जा सुधारून दुसऱ्या बाजारपेठा शोधाव्या लागल्या. मुलाखतीला जाताना हा इतिहास ठाऊक असला तर बोलणं पुढे सरकतं.

आपल्याकडची एप्रिल-ऑक्टोबरची दुहेरी छाटणी तिथे कुणाला खरी वाटत नाही. त्यांची वेल हिवाळ्यात झोपते आणि मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. मी वहीत आकृती काढून दाखवली, तर मालकीणबाई म्हणाल्या, "बिचारी वेल."

फेब्रुवारीत घरी आले तेव्हा शेजारच्या शिवारात वायनरीसाठी लावलेल्या शिराझ द्राक्षांची तोडणी जवळ आली होती. एक मणी अण्णांच्या हातावर ठेवून म्हटलं, बी चावा.

"बी थुंकायची असते गं," अण्णा म्हणाले. मग चावली, तोंड वाकडं केलं, आणि शेजाऱ्याला हाक मारली, "अरे, आठ दिवस थांब."