मॉरिशसला चाललेल्या पोट्ट्यांनो, रिकामा किनारा रिकामा का, ते आधी विचारा

सोयाबीनची काढणी आटोपली की दारव्हा-दिग्रस भागातले आणखी काही पोट्टे मॉरिशसला निघतील. कोणी कापडाच्या कारखान्यात, कोणी बांधकामावर. मी सुट्टीत गावी आलो की विचारपूस सुरू होते: पगार किती, खोली कशी, जेवण मिळते का. हे एजंटही सांगतो. रविवारी कुठं जायचं ते मात्र कोणी सांगत नाही. मग सगळे बस धरून ग्रां बे नाहीतर फ्लिक आँ फ्लॅक या पर्यटकांच्या किनाऱ्यांवर जातात, गोऱ्या पाहुण्यांच्या आजूबाजूला उभं राहून फोटो काढतात आणि आठवड्याची शिल्लक एका दुपारी उडवून परततात. दुसरी जात खोलीतून न हलणाऱ्यांची. दोन वर्षं बेटावर राहून त्यांना फक्त मोबाइल दिसतो.

कागदपत्रांबद्दल एकच ओळ: करार वाचून सही करा, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. आणि तिथला रुपया आपल्या रुपयाच्या जवळपास दुपटीचा आहे, भाव ऐकून 'स्वस्त आहे' म्हणू नका.

आता फिरण्याचं. मुख्य बेट जेमतेम 1,865 चौरस किलोमीटरचं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशी सात बसतील. एवढ्याशा जागेत बारा लाखांवर माणसं राहतात, वरून पर्यटक. तरी रविवारी एखादा सुंदर किनारा ओस दिसला, तर तो कोणाला सापडला नाही असं समजू नका. तिथल्या लोकांना तो आजोबांपासून माहीत असतो. तो रिकामा आहे त्याला कारण आहे. कारण वाऱ्याचं असेल, बसचं असेल, नाहीतर पाण्याचं.

पाण्याचं कारण नीट ऐका, मी हे प्रत्येक नवीन माणसाला सांगतो आणि तरी कोणी ना कोणी ऐकत नाही. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. लाटा त्याच्यावर फुटतात आणि आत किनाऱ्यापर्यंत उथळ, शांत पाणी राहतं. पण प्रवाळ गोड्या, गढूळ पाण्यात वाढत नाही, म्हणून नदी जिथं समुद्राला मिळते तिथं समोरच्या बांधाला खिंड पडलेली असते. लाटांनी आत आलेलं पाणी त्याच खिंडीतून जोरात बाहेर जातं. आपला पोट्टा अडाण नदीत शिकलेला, अरुणावतीच्या धरणात उड्या मारलेला. नदीचं तोंड दिसलं की त्याला घर आल्यासारखं वाटतं, आणि नेमका तिथंच तो उतरतो. नेरकडचा एक जण दक्षिणेच्या किनाऱ्यावर असाच गेला. पोहणारा चांगला होता. किनाऱ्याकडे सरळ हात मारत राहिला आणि दमला. कोळ्यांची होडी जवळ होती म्हणून वाचला. छातीत पाणी गेलं होतं, दवाखाना झाला, पुढं बरेच दिवस कामावर जाता आलं नाही. ओढ लागली तर तिच्याशी भांडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. त्याहून सोपं म्हणजे, जिथं स्थानिक लेकरं पाण्यात नाहीत तिथं तुम्हीही नका.

सुयाक गावाजवळचं ग्री ग्री बघायला जरूर जा. तिथं बांधच नाही, लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. धोक्याची पाटी लावलेली आहे. पाटीजवळ उभं राहून बघा, डबा खा, परत या. पाण्यात पाय बुडवायलाही उतरू नका. तिथून पश्चिमेकडे रियाम्बेलची लांबच लांब वाळू आहे, चालायला फार छान, पोहायला नाही. पुढं बे द्यु कापचा रस्ता माकोंदेच्या खडकाला वळसा घालून ल मॉर्नकडे जातो, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस. मला विचाराल तर बेटावरचा हाच सगळ्यात चांगला रस्ता. ल मॉर्नचा डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. तिथं मोठ्यानं गाणी लावून चढू नका.

पूर्वेचा पोस्त लाफायेतचा किनारा रिकामा असतो तो वाऱ्यामुळं. जून ते सप्टेंबर तिथली थंडी, तेव्हा आग्नेयेचा वारा डोळ्यात वाळू घालतो. तुम्ही नोव्हेंबरात पोचाल, तेव्हा तिथला उन्हाळा लागतो आणि वारा मवाळ असतो, म्हणून पूर्व आधी आटपा. थंडीत पश्चिमेला जा.

एक हक्काची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू तिथं सार्वजनिक आहे. मोठ्या हॉटेलासमोरूनही चालत जाता येतं. आपले लोक पहारेकरी दिसला की मान खाली घालून मागं फिरतात. फिरू नका. खुर्च्यांवर मात्र बसू नका, त्या हॉटेलच्या आहेत. आणि खर्ऱ्याच्या पुड्या गावीच ठेवा. पांढऱ्या वाळूवर लाल पिचकारी दिसली की सगळ्या भारतीयांकडे बोट जातं.

पाण्यात जाताना जाड तळाचे जोडे घाला. दगडमासा हुबेहूब गोट्यासारखा दिसतो, त्याचा काटा विषारी आहे. टोचलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा, तिथं पैसे लागत नाहीत.

समुद्राचा कंटाळा आला तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल आहे. थंडीच्या सुरुवातीला वाटेवर लाल, बोराएवढे आंबटगोड पेरू लागतात, गावचे लोक पिशव्या भरून नेतात. गंगा तलाव महाशिवरात्रीला तुडुंब असतो, एरवी सकाळी जा. सोमवारी सुट्टी मिळाली तर माहेबुर्गचा आठवडी बाजार चुकवू नका. पिवळ्या डाळीची पुरी तिथं जोडीनं मिळते, सोबत रस्सा आणि मिरची. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला ती मिरचीही पुरते.

कास्कावेलसारख्या गावात मराठी माणसं भेटतील. बहुतेकांचे पूर्वज कोकणातले, एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेले. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. घरात ते क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, बोलतात, मराठी शाळेत आणि देवळात शिकलेली. त्यांच्या उच्चारावर हसणारे आपलेच काही दीडशहाणे मी पाहिलेत. त्यानंतर त्या घरातून चहाचं बोलावणं आलं नाही. शांत जागा विचारायच्या त्या याच लोकांना. बसमध्ये चढताना 'बोंजूर', म्हणजे फ्रेंचमधला नमस्कार, म्हणा, एवढ्यानं पुष्कळ कामं होतात.

खेड्यांकडच्या बस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास थांबतात, रविवारी फेऱ्या आणखी कमी. उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा. रविवारी दुपारनंतर दुकानंही बंद, पाणी आणि भाकर सोबत न्या.

नोव्हेंबरपासून वादळाचे दिवस. सूचना वर्ग एक ते चार अशा येतात. तीन लागला की बस बंद आणि घराबाहेर पडायचं नाही. वादळ बेटापासून लांबून जात असलं, आभाळ निळं असलं, तरी दक्षिणेच्या लाटा चढलेल्या असतात. त्या दिवसांत ग्री ग्रीला बघायलाही जाऊ नका.