एका तलावाचा चाळीस वर्षांचा हिशेब: उपग्रहचित्रांवरून पाणी कसं मोजावं

तलाव आटत चाललाय, कुरणं करपताहेत, असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न पडायला हवा तो ‘किती?’ हा. त्याचं उत्तर घरच्या संगणकावर काढता येतं. पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये सुटला. २००८ मध्ये या मालिकेच्या चित्रांचा साठा सर्वांसाठी मोफत झाला आणि पुढे युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रंही तशीच खुली झाली. चित्रं मिळणं आता सोपं आहे. लोक फसतात ते दोन चित्रं शेजारी ठेवून घाईने निकाल देताना.

आधी प्रश्न लहान करा. ‘हवामानबदलाचा पाण्यावरचा परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘या तलावाचं पाणी दरवर्षी कोरड्या हंगामाच्या शेवटी किती हेक्टरवर पसरलेलं असतं?’ हे मोजता येतं. सुरुवात एकाच तलावापासून करा. पद्धत हाताखालून गेली की तीच कुरणांना, बर्फाला, किनाऱ्यालाही लावता येते.

उपग्रह निवडा. लांबचा काळ हवा असेल तर लँडसॅटला पर्याय नाही. १९८४ पासून ३० मीटरचे पिक्सेल, म्हणजे जमिनीवर ३० मीटर बाजूचे चौकोनी ठिपके, नियमित मिळतात आणि एक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. सेंटिनेल-२ मध्ये १० मीटरपर्यंतचा बारकावा आहे, दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरही दर पाच दिवसांनी फेरी होते, पण त्याचा इतिहास २०१५ पासूनचा. ढग हटतच नसतील तर सेंटिनेल-१ चं रडार वापरा, ते ढगांतून आणि अंधारातही पाहतं. तळं फारच लहान असेल तर मात्र जपून. ६० मीटर रुंदीचं तळं म्हणजे लँडसॅटच्या हिशेबात जेमतेम चार पिक्सेल, आणि त्यातले बहुतेक अर्धे पाणी, अर्धी माती.

एकसारखी चित्रं उतरवा. चित्रं अर्थएक्सप्लोरर (लँडसॅटसाठी) किंवा कोपर्निकस ब्राउझर (सेंटिनेलसाठी) या संकेतस्थळांवरून घ्या. थोडं कोडिंग येत असेल तर गूगल अर्थ इंजिनवर ती न उतरवताच काम होतं. प्रक्रियेची पातळी मात्र ‘पृष्ठीय परावर्तन’ (सरफेस रिफ्लेक्टन्स), म्हणजे जमिनीने परतवलेला प्रकाश, हीच निवडा. त्यात हवेतल्या धुरकटपणाचा परिणाम बऱ्याच अंशी काढलेला असतो. महिना दरवर्षी तोच ठेवा. एका वर्षीचं पावसानंतरचं चित्र आणि दुसऱ्या वर्षीचं उन्हाळ्यातलं चित्र यांची तुलना केली तर हवामानबदल नाही, ऋतुबदल सापडतो.

काही खाचखळगे आधीच सांगून ठेवतो. मे २००३ मध्ये लँडसॅट ७ मधला एक भाग बिघडला, त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत काळे पट्टे आहेत. उपग्रह प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळा नोंदवतो, त्या नोंदीला पट्टा (बँड) म्हणतात. हिरव्या प्रकाशाचा पट्टा लँडसॅट ५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आहे, लँडसॅट ८ मध्ये तिसऱ्या. सेंटिनेल-२ च्या जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून नव्या पद्धतीने तयार झालेल्या चित्रांत प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात, ते वजा करावे लागतात. हे विसरलात तर आलेखात एक सुरेख पायरी दिसते आणि माणूस उगाच हरखून जातो.

ढगांसोबत ढगांच्या सावल्याही झाकायला, म्हणजे ते पिक्सेल मोजणीतून वगळायला हवेत. माझ्या पहिल्या नकाशात डोंगरउतारावर तीन नवी तळी उगवली होती. तिन्ही सावल्या निघाल्या.

निर्देशांक काढा. इथे खरी गंमत आहे. पाणी हिरवा प्रकाश थोडा परतवतं, पण निकट अवरक्त (लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे) किरण जवळपास गिळून टाकतं. कोरडी माती आणि पानं तेच किरण भरपूर परतवतात. म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी हे गणित करायचं:

(हिरवा − निकट अवरक्त) ÷ (हिरवा + निकट अवरक्त)

हा १९९६ मध्ये मांडलेला पाण्याचा निर्देशांक, एनडीडब्ल्यूआय. क्यूजीआयएस या मोफत मिळणाऱ्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रास्टर कॅल्क्युलेटर’ उघडून हे एका ओळीत होतं. उत्तर शून्याच्या वर गेलं की साधारणपणे पाणी समजतात, पण शून्य ही फक्त सुरुवात. गढूळ पाण्यात किंवा शेवाळ माजलेल्या काठावर ही सीमारेषा वरखाली करावी लागते. आसपास इमारती असतील तर त्याही पाण्यासारख्या दिसू शकतात, तिथे निकट अवरक्ताऐवजी लघुलहरी अवरक्त पट्टा घ्या. झाडोऱ्यासाठी याच धाटणीचा एनडीव्हीआय आहे, त्यात निकट अवरक्तातून लाल पट्टा वजा करून दोघांच्या बेरजेने भागतात.

क्षेत्रफळ मोजा. पाण्याचे पिक्सेल मोजा आणि प्रत्येकाला लँडसॅटसाठी ९०० चौरस मीटरने गुणा. १० मीटरच्या चित्रात १०० पिक्सेल म्हणजे बरोबर एक हेक्टर. नकाशा अंशांत नव्हे, मीटरमध्ये मांडलेला आहे ना, हे आधी बघा.

पडताळा घ्या. शंभरेक बिंदू यादृच्छिक निवडा, अधिक स्पष्ट चित्रात एकेक पाहा, पाणी की जमीन ते लिहा आणि मग आपल्या नकाशाशी ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवाय काढलेला आकडा मी तरी मानत नाही.

मग कारणाकडे वळा. मध्य आशियातला अरल समुद्र, खरंतर एक खारं सरोवर, १९६० च्या सुमारास जवळपास ६८ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला होता, आज त्याचे तुकडे उरलेत. उपग्रहचित्रांची मालिका पाहून कुणीही म्हणेल, तापमानवाढ! पण मुख्य कारण होतं अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवणं. २००५ मध्ये उत्तर भागात कोक-अरल धरण पूर्ण झालं आणि त्या तुकड्यातलं पाणी पुन्हा वाढलं. चित्र बदल दाखवतं, कारण सांगत नाही.

म्हणून पाण्याच्या आलेखाखाली त्याच काळातला पाऊस आणि तापमान मांडा. पावसासाठी १९८१ पासूनची ‘चर्प्स’ (CHIRPS) ही नोंद आहे, तापमानासाठी ‘ईआरए५’ (ERA5) ही. तलावाला पाणी जिकडून येतं त्या वरच्या अंगाला धरणं, कालवे, उपसा कधी सुरू झाला तेही त्याच आलेखावर खुणा करून ठेवा. पाऊस घटला नाही आणि कालवा सुरू झाल्याच्याच वर्षापासून पाणी ओसरू लागलं, तर आधी कालव्याकडे पाहायचं. दोन-चार वर्षांच्या घसरणीला हवामानबदल म्हणू नका, हवामानाच्या सरासरीसाठी निदान ३० वर्षं धरण्याची रीत आहे.

प्रत्येक चित्राची तारीख, वापरलेले पट्टे आणि ठरवलेली सीमारेषा एका तक्त्यात लिहून ठेवा. पुढच्या कोरड्या हंगामात त्यात एक ओळ वाढवायची आहे.