घरातले कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत? या चुका टाळा

हॉलमधला डेस्कटॉप आणि आतल्या खोलीतला लॅपटॉप, दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालतंय, पण विंडोजमधल्या फाइल एक्स्प्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मग बरेच जण सरळ फायरवॉलच, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारेकरीच, बंद करून टाकतात. कृपया तसं करू नका. दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

इंटरनेट चालतंय म्हणजे दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर आहेत, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड देऊन ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजेच आयपी) आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ (राउटरचा पत्ता) या दोन ओळी वाचा. एकीकडे १९२.१६८.१.५ आणि दुसरीकडे १९२.१६८.०.१०३ असं आलं, गेटवेही वेगळे निघाले, तर रोग तिथेच सापडला.

असं होतं कशामुळे? फायबरवाल्याने बसवलेल्या डब्यातच राउटर असतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची केबल त्याच्या ‘वॅन’ (बाहेरून इंटरनेट येण्याच्या) पोर्टला जोडतो. हा दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. नेट दोन्हीकडे मिळतं, पण दोन्हींमध्ये भिंत उभी राहते. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला असेल तर हा घोळ लक्षातही येत नाही. उपाय म्हणजे दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकणे, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे देतो. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याला पहिल्याच्या मालिकेतला मोकळा आयपी द्या आणि केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ (घरातली मशीन जोडण्याच्या) पोर्टला लावा.

एखादं मशीन ‘गेस्ट’ वायफायवर असेल तरी हेच होतं. गेस्ट नेटवर्क सहसा घरातल्या बाकी मशीनपासून मुद्दामच तोडलेलं असतं. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) चालू असेल, तर तेही बंद करून बघा.

नेटवर्क एकच निघालं, तर ‘दिसत नाही’ आणि ‘पोहोचता येत नाही’ यांत गल्लत करू नका. विंडोज आणि आर ही बटणं दाबा, रनच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे समोरच्याचा आयपी टाका: \\१९२.१६८.१.५ (आकडे इंग्रजीत). शेअर केलेले फोल्डर उघडले किंवा पासवर्ड विचारला, तर रस्ता मोकळा आहे, फक्त यादीत नाव येत नाही. तेव्हा न दिसणाऱ्या मशीनवर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ (मशीनचं नाव नेटवर्कवर कळवणारी सेवा) चालू करा आणि ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

काहीच उघडलं नाही, तर दोन्हीकडे सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज बघा. तिथे ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, आणि शेअरिंगच्या सेटिंगमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी व फाइल शेअरिंग चालू करा. फायरवॉल आपली आपण वाट देते.

जुन्या व्हिडिओंमधून ‘होमग्रुप’ (घरातल्या मशीनमध्ये फाइल वाटण्याची विंडोजची जुनी सोय) शोधत बसू नका. विंडोज १० मधून तो २०१८ मध्येच काढला गेला. ‘एसएमबी १ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) चालू करा’ हा सल्लाही मानू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून. आजच्या दोन विंडोज मशीनना त्याची गरज नाही.

पासवर्डपाशी अडलात, तर विंडोज उघडताना टाकतो तो पिन टाकून उपयोग नाही. पिन त्या एका मशीनपुरताच असतो. समोरच्या मशीनवरच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि खरा पासवर्ड लागतो. तो आठवतच नसेल, तर ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे पासवर्डसह एक साधं लोकल खातं उघडा, फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्या आणि त्याच नावाने आत या.