दरडी, पूर, धरण: विस्थापितांना मानसिक आधार देताना या चुका टाळा

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या परक्या मुलखात राहताहेत. या लोकांकडे मदतीला जाणाऱ्यांची कळकळ खरी असते, तरी काही चुका पुन्हापुन्हा होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असं विचारणं. उत्तर येतं, ‘नाही ओ, आम्हाला काय झालंय?’ पण तीच मावशी सांगते की छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राणच नाही. ही तक्रार उडवून लावू नका. आधी बीपी-साखर तपासून घ्या, दुखणं खरोखर शरीराचंही असू शकतं. मग विचारा, ‘पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की रात्री काय होतं?’ तेव्हा कळतं, की घरातली थोरली माणसं पावसाच्या रात्री दाराशी बसून उजाडायची वाट बघतात आणि पोरांना चपला घालूनच झोपवतात.

सगळ्यांना गोल बसवून ‘त्या रात्री काय घडलं ते सांगा’ म्हणू नका. अशा एका बैठकीत घटना वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. ज्याला बोलायचंय तो बोलेल. तोवर पंचनाम्याची प्रत, रेशनकार्ड, पोराचा दाखला यासाठी सोबत जा. मला तरी हाच निम्मा उपचार वाटतो.

देवाधर्माच्या गोष्टी बाजूला सारणं ही तर फार महागात पडणारी चूक. ग्रामदेवी मागं राहिली, जत्रा बंद पडली, ढिगाऱ्यातून माणूस सापडलाच नाही म्हणून दहावा कधी घालायचा हे ठरत नाही. हे दुःख आतल्या आत साचत जातं. भावकीतल्या वडीलधाऱ्यांना बसवून यावर मार्ग काढायला मदत करा. कुणी ‘देवीचा कोप’ म्हटलं तर पहिल्याच दिवशी वाद घालू नका. मात्र पैसे उकळून औषध बंद करायला सांगणारा भोंदू दिसला, तर गप्प बसू नका.

बायकांशी सासरे-दिरांसमोर बोलणं टाळा. गावातल्या आशाताईंचंही (आशा आरोग्यसेविकांचंही) घर पडलेलं असू शकतं. त्यांच्यावर सगळा भार टाकू नका.

आणि पंधरवड्यात काम संपलं असं समजू नका. वर्षश्राद्ध आणि पुढचा जून, या दोन वेळी पुन्हा जा.

‘जगून काय करू’ असं कानावर आलं, दारू वाढली, जेवण तुटलं, तर जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. घरातलं तणनाशक, कीटकनाशक त्याच दिवशी दुसरीकडे हलवा, माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतून बोलता येतं. वस्तीवर रेंज नसेल, तर रेंज मिळेल तिथवर स्वतः सोबत जा आणि फोन लावून द्या.